हाकोनेचं पाणी, निमगावची गाठ

हाकोने, जपान
४ एप्रिल २०२५

साळे,

हे वाचताना तोंडात चहा असेल तर आधी गिळून घे. मग मला बोल लावू नकोस.

हॉटेलच्या कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या फोनवर टाकतेय. वाच आणि पुसून टाक. बोलायची सोयच नाही. इकडे बसमध्ये मी हॅलो म्हटलं की मागच्या सीटवरचा उत्तर देतो, आणि तिकडे तू स्पीकर लावून बोलतेस ते अख्ख्या निमगाव साव्याला ऐकू जातं. शाळेत वहीची पानं फाडून लिहायचो तेच बरं होतं.

टूर संपत आली. देवळं पाहिली, फुललेली झाडं पाहिली, पाय पुरणपोळीसारखे फुगले, आणि शेवटी विश्रांती म्हणून आम्हाला या डोंगरातल्या हॉटेलात आणून सोडलं. खोलीत खाटच नाही! चटईवर गादी. आमचे हे म्हणाले, जमिनीवरच झोपायचं होतं तर मंचरचं घर काय वाईट होतं? आणि पाच मिनिटांत घोरायला लागले, इतकी ती गादी मऊ. जेवण सूर्य मावळायच्या आत. मला तर वाटलं हॉटेलवाला आमच्या जैन स्थानकातलाच कोणी आहे.

आता मुद्द्याचं. इथे जमिनीतून गरम पाणी येतं आणि सगळे एकत्र अंघोळीला बसतात. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. मी आपली कुकडी नदीवर अंघोळीला जायचो तशी परकर छातीवर बांधून, खांद्यावर टॉवेल टाकून ऐटीत आत शिरले. तर तिथली बाई धावत आली आणि दोन्ही हातांची फुली करून माझ्यासमोर उभी. अंगावर सूतसुद्धा चालत नाही, साळे! समोर माझी सून. सासूनं सुनेला असं बघायचं? मी डोळे मिटून घेतले. सिद्धी म्हणते, "मम्मी, उघडा डोळे, पडाल. इथे कोणी कोणाकडे बघत नाही."

खरंच नाही बघत गं. बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग घासायचं, स्वच्छ धुवायचं, मग कुंडात उतरायचं. मी गळ्यापर्यंत आत गेले आणि माझे गुडघे माझे आहेत हेच विसरले. निघायचं नावच घेईना. सिद्धीनं हाताला धरून बाहेर काढलं.

आता खरं सांग. मी निघताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस की छातीतली गाठ डॉक्टरांना दाखवीन. दाखवलीस का? सोपानभाऊजींना सांगू नकोस म्हणालीस, नाही सांगितलं. पण तुझा शब्द तू पाळलास का ते कळल्याशिवाय माझी ही अंघोळ अंगी लागायची नाही.

तुझी,
सुमती


निमगाव सावा
५ एप्रिल

सुमे,

लाज कुठं ठिवून आलीस, इमानात का तिकडं? नातू मांडीवर खेळवायच्या वयात नागडी पवती! आन् वर मला लिवून कळवती. फतेचंदभावजींना ठावं हाय का, का ते बी तिकडच्या कुंडात?

मी हसले मातर लई. गोठ्यात वाचलं. श्रेया म्हणली, आई एकटीच काय हसती? म्हणलं, म्हशीनं जोक सांगितला.

गाठीचं इचारलंस. दाखवली. काय नाय. डॉक्टरणीनं हात लावून बघितलं, म्हणली चरबीची हाय, गोळ्या दिल्या. इषय संपला. आता परत लिवू नको त्याचं, श्रेया कवा कवा माझा फोन घेती.

हिकडं कांदा काढायला आलाय आन् बाया मिळंनात. ऊन तर नुसतं भाजून काढतंय. पण एक चांगलं झालं. श्रेयाचं जुळलं! आळे गावचा पोरगा हाय, सुदर्शन. फाट्यावर टॅक्टरच्या सामानाचं दुकान हाय. पोरगा गरीब सभावाचा, श्रेयाला बी आवडलाय, फोन आला की घराच्या मागं पळती. तेरा तारखेला सुपारी फोडायला येणार. तवर तू येतीस, तुझ्याबिगर सुपारी फुटायची नाय.

पोराची आई मातर लई बारीक. घरात कुणाला शुगर हाय का, कुणाला काय आजार व्हता का, आजी कशानं गेली, सगळं इचारून घेतलं. मी म्हणलं, आमच्यात माणसं म्हातारपणानंच मरत्यात.

येताना तिकडचं काय बी आणू नको, नुसती ये.

साळू


हाकोने
६ एप्रिल, सकाळ

साळे,

देव पावला! काल तुझं पत्र वाचलं आणि मी खोलीत एकटीच नाचले. चरबीची तर चरबीची. तुला सांगितलं नाही, पण या सगळ्या प्रवासात मला तुझ्या गाठीचाच घोर होता. आता तो गेला, आणि श्रेयाची सुपारी! सुदर्शनच्या आईला म्हणावं, आमच्या पोरीला खोट काढून दाखवा.

त्या आनंदात काल दोनदा पाण्यात उतरले. आता मीच सिद्धीला ओढत नेते. बाहेर उघड्यावर दगडांचं कुंड आहे, वर आभाळ, समोर डोंगर, थंड वारा तोंडाला आणि खाली पाणी असं कढत की हाडं सुटी होतात. अंघोळ झाली की सगळ्या बायका बाकावर बसून गार दूध पितात. मीही प्यायले.

एक गंमत ऐक. इथे हॉटेलचा लांब झगा देतात, तोच घालून सगळीकडे फिरायचं. मी घातला आणि निघाले जेवायला. तर एक म्हातारी लगबगीनं आली आणि भर व्हरांड्यात माझा झगा सोडायला लागली! सिद्धीनं फोनवर भाषांतर लावलं, तेव्हा कळलं. डावी बाजू वर घ्यायची असते. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्याला नेसवताना. म्हणजे मी मढं होऊन जेवायला निघाले होते!

या म्हातारीला मी आधी कुंडात पाहिलं होतं. फुमिको नाव तिचं. साळे, तिची एक छातीच नाही गं. एका बाजूला नुसती सपाट कातडी आणि आडवा व्रण. मी चटकन नजर वळवली. नंतर कळलं की आपल्याएवढी असताना तो रोग झाला, तेव्हा कापून काढली. आता ऐंशीला आली असेल. दर वर्षी मैत्रिणी घेऊन इथे येते म्हणे, आणि बसते तशीच सगळ्यांसमोर. मला तर बघूनच कसंतरी झालं. बिचारी. माझ्यावर अशी वेळ आली असती ना, तर मी काढूच दिलं नसतं बाई. जायचं तर आखं जावं.

जाऊ दे. आज दुपारी टोकियोला जायचं, तिथून नऊ तारखेला विमान. त्याआधी एकदा शेवटचं पाण्यात जाऊन येते. पाणी हाक मारतंय.

तुझी,
सुमती


टोकियो
७ एप्रिल, सकाळ

साळू, कालच पत्र वाचलंस असं फोन सांगतोय. उत्तर नाही. तीनदा फोन केला, उचलत नाहीस. कांद्यात आहेस की रुसलीस? एक शब्द तरी टाक.

सुमती


निमगाव सावा
७ एप्रिल

सुमे,

फोन उचलला नाय, उचलणार बी नाय. तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटंल आन् घरात कळंल.

खोटं बोलले तुला. नारायणगावच्या डॉक्टरणीनं हात लावला आन् लगीच पुण्याला धाडलं. तिथं सुई घालून तपासलं. क्यान्सर हाय. घरी सांगितलं व्हतं की सुपारीची साडी बघायला चालले. रिपोट ऐकून बाहेर आले, आन् रिकाम्या हातानं कसं जायाचं म्हणून साडी बी घेतली. दुकानदार इचारतोय काठ कसा पायजे, मी म्हणते कसा बी दे बाबा.

डॉक्टर म्हणला, अजून पसरलं नाय. डावी बाजू पुरी काढायची, आत्ता काढली तर वाचाल, हयगय करू नका. दहा तारीख दिली. नऊला भरती व्हा म्हणला.

मी तवा हो बी म्हणले नाय आन् नाय बी म्हणले नाय. घरी येऊन इचार करत व्हते, आन् खरं सांगते, मन निम्मं तयार झालं व्हतं. मग तुझं पत्र आलं. तू लिवलंस, मी काढूच दिलं नसतं. जायचं तर आखं जावं. तू शिकलेली, दुकान सांभाळणारी, देश बघितलेली. तूच देणार नाय तर मी कशाला देऊ? आज दवाखान्यात फोन करून नाय म्हणून कळवलं.

श्रेयाचं लगीन होऊ दे, मग बघू. आळ्याच्या त्या बाईला कळलं तर म्हणंल, आईला झालं म्हणजी पोरीला बी व्हणार. सुपारी मोडली तर पोरीकडं परत कोण बघंल? तिनं त्या पोराचं नाव हातावर मेंदीनं काढलंय, मी बघितलं.

आन् एक. ती बाई, फुमिको. तिला कुणी हसलं नाय का? तिचा नवरा व्हता का तवा? तिच्याकडं बघून पोरं भ्यायली नाय का?

सोपानला सांगितलंस तर तुला श्रेयाच्या गळ्याची आण हाय.

साळू


टोकियो
७ एप्रिल

साळू, माझी बाई,

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आम्ही वर्षातून एकदा, पर्युषण संपताना, हात जोडून सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणून क्षमा मागतो. मी आज एप्रिलात, या परक्या गावात, जमिनीवर बसून तुला म्हणतेय. मी जे लिहिलं ते खोटं होतं. तुला काही नाही हे कळल्याच्या आनंदात मी वाचाळासारखी लिहीत सुटले. माझ्यावर वेळ आली असती तर मी डॉक्टरांचे पाय धरले असते, समजलं? नातवाची दहावी बघायचीय मला.

आणि तुला हसवायच्या नादात मी अर्धंच सांगितलं. आता पुरतं ऐक.

मी नजर वळवली ते फुमिकोनं पाहिलं होतं. तरी तीच आली माझा झगा नीट करायला. नंतर आम्ही बाकावर बसलो आणि मी निर्लज्जासारखं सिद्धीच्या फोनवरून विचारलं की तुम्हाला लाज नाही वाटत का. ती म्हणाली, फार वाटायची. किती तरी वर्षं ती घरच्या न्हाणीतसुद्धा कडी लावून, आरसा उलटा करून अंघोळ करायची. नवरा होता. तो काही बोलला नाही, पण तिनंच त्याला बघू दिलं नाही, आणि तो वारला. त्याचं तिला अजून वाईट वाटतं. मग एका मैत्रिणीनं तिला जबरदस्तीनं इथे आणलं. पहिल्या दिवशी ती कपड्यांच्या खोलीतच रडत बसली. दुसऱ्या दिवशी उतरली. हसलं कोणी नाही. परवा मी होते तेव्हाही तिथे छोट्या पोरी होत्या, त्या आपल्या पाण्यात डुंबत होत्या. भ्यायले होते ती मीच.

सोपं होतं असं ती म्हणाली नाही, आणि मीही तुला म्हणणार नाही. पण ती तिथे होती, साळू. माझ्यापेक्षा जास्त जेवली. मैत्रिणींना काहीतरी चावट सांगून त्यांना दूध नाकातून येईस्तोवर हसवलं.

आण घातलीस. श्रेयाच्या गळ्याची! आई ना तू? तुझ्यामागे त्या पोरीचं माहेर कोण करेल? पहिल्या बाळंतपणाला ती कुणाच्या दारात येईल?

उद्या दुपारपर्यंत दवाखान्यात फोन कर आणि येते म्हणून सांग. नाही केलास तर मी सोपानभाऊजींना सांगणार. आणेचं जे व्हायचं ते माझ्या डोक्यावर.

सुमती


निमगाव सावा
८ एप्रिल

सुमती,

तू सांग तर खरं. तोंड बघणार नाय परत तुझं. मंचरच्या बाजारात समोर आलीस तर वाट बदलीन. एवढ्या वर्सांची मैत्री, आन् मला धमकी देती! तिकडं गरम पाण्यात बसून हिकडचं तुला काय कळतंय? कांदा अर्धा जमिनीत, पाहुणे येणार म्हणून भितीला रंग द्यायचा चाललाय, सोपान लोकांना फोन करून जेवणाचं सांगतोय. त्याच्या तोंडावर म्हणू व्हय, थांबव सगळं, मला भरती व्हायचंय?

आळ्याच्या बाईचा आज बी फोन आला. म्हणली, इहिणबाई, तुमचा आवाज बसल्यावानी वाटतो, बरं नाय का? मी म्हणलं, कांद्याची धूळ.

दवाखान्यातनं बी फोन आला. तारीख अजून ठिवलीय म्हणत्यात, आज सांजच्याला शेवटचं सांगा. मी फोन ठिवून दिला.

त्या बाईचा हात वर व्हतो का? डावीकडं काढलं तर डावा हात जातो असं आमच्या हितं भागू सांगत व्हती, तिच्या मावशीचा गेला. केस बांधता येत्यात का तिला? भाकरी थापता येती का? का नुसती बसून खाती?

उत्तर द्यायचं तर दे. नायतर नको.

साळू


टोकियो, विमानतळ
९ एप्रिल, सकाळ

साळू,

काल मी सोपानभाऊजींना फोन लावला. त्यांनी उचलला. "काय सुमतीबाई, जपान काय म्हणतंय?" इतक्या आनंदानं बोलले की ठरवलेलं मी गिळून टाकलं. मी विचारलं, कांदा कसा आहे? म्हणाले, लई भारी. मी फोन ठेवला. नाही जमलं मला. तू जिंकलीस. आता सगळं तुझ्याच हातात आहे आणि मला त्याचीच भीती वाटतेय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हात वर होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ऐकीव सांगत नाही. तिचीही डावीच बाजू होती. त्याच हातानं तिनं फळीवरचं पातेलं खाली घेतलं, पाणी भरून स्वतःच्या डोक्यावर ओतलं, केस विंचरून वर बांधले. मैत्रिणीला पुढ्यात बसवून तिची पाठ त्याच हातानं अशी खसाखसा घासली की ती बाई कळवळली. लगेच नाही व्हायचं म्हणे, रोज व्यायाम करावा लागतो, सुरुवातीला दुखतं. तुझ्या त्या भागूच्या मावशीनं केला नसेल.

भाकरीचं मला माहीत नाही. या बायका भाकरी करत नाहीत. तुझ्या डॉक्टरला विचार.

विमानाला बोलावतायत. आठ-दहा तास फोन बंद असेल. या वेळात तू काय करशील ते मला कळणार नाही. साळे, तुला काही झालं तर मी कुणाला लिहू?

सुमती


पुणे
९ एप्रिल, संध्याकाळ

सुमे,

उतरलीस की पहिलं हे वाच. फतेचंदभावजींना म्हणावं सामान घेऊन म्होरं जावा.

काल सांजच्याला दवाखान्याचा फोन आला, मी म्हणलं सकाळी सांगते. ते म्हणले, सकाळी सांगायचं नाय, सकाळी यायचं. रातभर डोळ्याला डोळा नाय. आज उजाडलं तवा तुझं पत्र वाचलं, न्हाणीत गेले आन् श्रेयाला हाक मारली. म्हणलं, पाठ घास माझी. ती म्हणली, आज काय नवीन? आमच्यात आई पोरीम्होरं पदर ढळू देत नाय, तुला ठावं हाय. मी परकर सोडला. तिचा हात धरला आन् गाठीवर ठिवला.

वरडली नाय ती. हात बी काढून घेतला नाय. म्हणली, आई, हे कवापासनं? मी म्हणलं, तुझी सुपारी होऊ दे. तर सुमे, माझ्यावर अशी खेकसली, अशी खेकसली, मी तिची आई का ती माझी तेच कळंना. वल्ल्या हातानंच बाहेर गेली आन् आळ्याला फोन लावला. सुदर्शनला नाय, त्याच्या आईला. म्हणली, तेराची सुपारी व्हायची नाय, माझ्या आईला क्यान्सर हाय, उद्या ऑपरेशन हाय, तुमाला पुढं जमत असंल तर कळवा. सरळ! मी दारात तोंडात पदर कोंबून उभी. ती बाई म्हणली, बघू, सांगतो. अजून काय फोन नाय. पोरगी तवापासनं फोन उलटा घालून बसलीय. माझ्यासंगं हसून बोलती, पण मला दिसतं ना.

सोपानला बी तिनंच सांगितलं, आन् आमी येष्टीनं निघालो. माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला. मी म्हणलं, मी घेते, तर देईना. पुणं आलं तवा म्हणला, मला का नाय सांगितलंस? आता खाली चहा आणायला गेलाय, कवाचा गेलाय, रडत असंल.

डॉक्टरला भाकरीचं इचारलं. हसला. म्हणला, रोज व्यायाम केलात तर थापाल. म्हणलं, केला तर काय, करणारच, खायचं काय मग?

तुझ्यावर राग हाय अजून. ते एक वाक्य लिवलंस त्याचा. बरी झाले की मनसोक्त भांडणार हाय, तयारीनं ये.

भ्या वाटतंय सुमे. लई भ्या वाटतंय. ह्यांच्याम्होरं दाखवत नाय. उद्या सकाळी आत नेणार.

तू मंचरला जाऊ नको, सरळ हिकडं ये. पट्टी काढतील तवा श्रेया नको आन् सोपान बी नको. पहिलं तू बघायचं. मी खाली बघणार नाय. मी तुझ्या तोंडाकडं बघणार हाय.

साळू